एमी डॉरिटचा प्रश्न आणि माझा रेफरन्स रिपोर्ट

२०२४च्या जुलैमध्ये मला दक्षिण लंडनमध्ये, क्रॉयडनला, एक वन-बेडरूम फ्लॅट आवडला. भाडं महिना १,३५० पौंड. स्टेशन सात मिनिटांवर, स्वयंपाकघराला खिडकी आणि खाली एक श्रीलंकन दुकान, जिथे कढीपत्ता मिळतो. एका आठवड्याचं भाडं, म्हणजे ३११ पौंड, होल्डिंग डिपॉझिट म्हणून भरलं आणि रेफरन्सिंगचा फॉर्म पाठवला. तीन दिवसांनी मेल आला. पगार: पास. नोकरी: पास. आधीचा घरमालक: पास. ‘राइट टू रेंट’, म्हणजे व्हिसाची तपासणी: पास. क्रेडिट आणि कोर्टाच्या नोंदी: फेल. सगळ्यात खाली एकूण निकाल: फेल.

मग एजंटचा फोन आला. माणूस नम्र होता. ‘तुमच्यावर कोर्टाचा निकाल आहे का, या प्रश्नाला तुम्ही नाही असं उत्तर दिलंय. आमच्याकडे मात्र आहे असं दिसतंय.’ मी नाही लिहिलं होतं, कारण मला खरंच माहीत नव्हतं. पण हे वाक्य फोनवर म्हटलं की कसं वाटतं ते तुम्ही एकदा म्हणून बघा. इंग्लंडमध्ये २०१९च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, पण भाडेकरूने खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल तर ते परत न करण्याची मुभा असते. ३११ पौंड जातील ही भीती होतीच. त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की कागदावर मी आता कर्जबुडव्या आणि वर खोटारडा होतो.

झालं होतं असं. २०२३मध्ये मी इलफर्डमधली जागा सोडली. तिथलं ब्रॉडबँड माझ्या नावावर होतं. ते बंद करायला सांगितलं, पण राउटर परत पाठवायचा राहिला. राउटरचे पैसे, शेवटचं बिल, उशिराचा दंड असं करत थकबाकी वाढली. पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. कंपनीने ती थकबाकी वसुलीवाल्यांना विकली, त्यांनी काउंटी कोर्टात दावा लावला, दाव्याचे कागदही जुन्याच पत्त्यावर गेले. उत्तर आलं नाही म्हणून मार्च २०२४मध्ये एकतर्फी निकाल लागला. कोर्टाच्या खर्चासकट २१४ पौंड. याला काउंटी कोर्ट जजमेंट म्हणतात, बोलताना नुसतं ‘सीसीजे’. मला कळलं त्या संध्याकाळीच मी पैसे भरले. तोवर चार महिने उलटले होते.

इथला नियम असा आहे. निकालानंतर एका महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद रजिस्टरमधून काढता येते. महिना उलटला की पैसे भरले तरी नोंद सहा वर्षं राहते, फक्त तिच्यापुढे ‘सॅटिस्फाइड’, म्हणजे ‘फेडलं’, असा शेरा येतो. आणि ज्याने एक पेनीही भरली नाही त्याची नोंदही सहा वर्षांनीच जाते. म्हणजे पाचव्या आठवड्यात फेडणारा आणि कधीच न फेडणारा, दोघं रजिस्टरमधून एकाच दिवशी सुटतात. माझी तारीख मार्च २०३० आहे. निकाल रद्द करून घ्यायला अर्ज करता येतो, त्याची फी तेव्हा ३०३ पौंड होती. २१४ पौंडांच्या निकालासाठी ३०३ पौंड. शिवाय पैसे मी देणं लागत होतो हे खरंच होतं. मी अर्ज केला नाही.

त्याच महिन्यात मी चार्ल्स डिकन्सची ‘लिटल डॉरिट’ वाचत होतो. हा योगायोग नव्हता. माझं ऑफिस बरो स्टेशनजवळ आहे. तिथल्या मुख्य रस्त्याला लागून एंजल प्लेस नावाची अरुंद बोळ आहे आणि तिच्या एका बाजूला विटांची उंच, जुनी भिंत. दुपारी डबा खायला मी तिथे जातो. फेल झालो त्या दिवशी पहिल्यांदाच भिंतीवरची पाटी नीट वाचली. मार्शलसी नावाच्या तुरुंगाची एवढीच भिंत उरली आहे, आणि त्या तुरुंगात मुख्यतः कर्ज न फेडू शकलेल्या लोकांना ठेवत. कादंबरी कॉपीराइटमधून कधीच सुटलेली असल्याने फोनवर फुकट मिळाली. पुढचे दीड महिने ती मी ट्रेनमध्ये अंगठ्याने सरकवत वाचली.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८५५ ते १८५७ या काळात ही कादंबरी मासिक हप्त्यांत आली. कथा त्याआधी तीसेक वर्षांपूर्वीची. विल्यम डॉरिट कर्जापायी मार्शलसीत वीस वर्षांहून जास्त काळ अडकून आहे. त्याची धाकटी मुलगी एमी तुरुंगातच जन्मली. कर्जदाराच्या कुटुंबाला आत-बाहेर करता येई, त्यामुळे ती दिवसा बाहेर शिवणकाम करते आणि रात्री बापाजवळ परत येते. बाप मात्र आपली मुलगी कष्ट करते हे कबूल करत नाही. आर्थर क्लेनम नावाचा चाळिशीचा माणूस या कुटुंबात गुंततो. पुढे डॉरिटला अचानक मोठा वारसा मिळतो आणि तो सुटतो.

डिकन्सला हा तुरुंग आतून माहीत होता. १८२४मध्ये त्याचा बाप एका बेकरीवाल्याचं चाळीस पौंडांचं देणं न दिल्याने याच मार्शलसीत गेला. चार्ल्स तेव्हा बारा वर्षांचा होता आणि बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. एवढा प्रसिद्ध लेखक, पण ही गोष्ट त्याने आयुष्यभर लपवली. जॉन फॉर्स्टर या मित्राला सांगितली, आणि जगाला ती कळली डिकन्स १८७०मध्ये गेल्यानंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. मी माझ्या बाबांना सीसीजेबद्दल अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे हे वाचून मला जरा बरं वाटलं.

आता रिपोर्टकडे एक मजकूर म्हणून बघू. हा लेख समीक्षेचा आहे आणि माझ्यावर लिहिलेलं एवढंच काय ते वाङ्मय उपलब्ध आहे.

त्या काळच्या इंग्रजीत ‘कॅरेक्टर’ या शब्दाचा एक अर्थ होता दाखला. घरकामाच्या बाईला नवी नोकरी हवी असेल तर आधीच्या मालकिणीने दिलेलं ‘कॅरेक्टर’ लागे. खोटे दाखले देणाऱ्या-घेणाऱ्यांसाठी १७९२मध्ये खास कायदाही झाला होता. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. माझ्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ लिहिलंय. वर्गात ज्याने मुख्याध्यापकांच्या स्कूटरची हवा सोडली त्याच्याही दाखल्यावर ‘चांगली’च आहे. लिहिणाऱ्या क्लार्कला ठाऊक होतं की हा कागद पोराच्या पुढे आयुष्यभर चालणार, म्हणून त्याने हात सैल सोडला.

रेफरन्स रिपोर्ट हा या दाखल्याचा वंशज आहे. फरक असा की आता लिहिणारा कोणी नाही. माझ्या रिपोर्टमध्ये क्रियापदच नाही. नाव, पत्ता, तारीख, रक्कम, शेरा. कोणी काय केलं, कशामुळे केलं, मग काय झालं, यांतलं काही नाही. कादंबरी वाचणाऱ्याला ज्या गोष्टींची सवय असते, म्हणजे कारण, क्रम आणि बदल, त्या तिन्ही इथे गाळलेल्या आहेत. इंजिनियर म्हणून मला यात दोष दिसला नाही, कारण मीही असेच तक्ते बनवतो. वाचक म्हणून दिसला.

इथून पुढे एक सोपा लेख लिहिता आला असता. जुन्या काळी माणूस माणसाला ओळखायचा, आता कॉम्प्युटर ओळखतो, वगैरे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उधारीची लाल वही होती. पैसे दिले की काका त्या ओळीवर आडवी रेघ मारायचे आणि ती उधारी संपायची. ही आठवण मला प्रिय आहे. पण दुसरीही एक आठवण आहे. २०१९मध्ये पुण्यात मी आणि माझा एक मित्र फ्लॅट शोधत होतो. त्याने एका मालकाला फोन केला, आडनाव सांगितलं, आणि पलीकडून ‘जागा गेली’ असं उत्तर आलं. दहा मिनिटांनी मी त्याच नंबरवर फोन करून माझं आडनाव सांगितलं. जागा रिकामी होती. ‘या की संध्याकाळी बघायला,’ असं निमंत्रणही मिळालं. त्या मालकाला कागद लागला नाही. माणूस ओळखण्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

म्हणून रिपोर्ट आंधळा आहे ही तक्रार मी जपून करतो. माझ्या मित्राला तो आंधळेपणा चालला असता. आणि डिकन्सने दयाळूपणे सगळी हकिगत सांगितली तरी घर देणारा माणूस डिकन्स नसतो. कादंबरीच्या निवेदकाला सगळं माहीत असतं आणि त्याला कोणाकडून भाडं वसूल करायचं नसतं. मालकाला यातलं एकही सुख नाही. मालकाने माझी कहाणी समजून घ्यावी अशी माझी अपेक्षा नाही. मग नक्की काय हवं, हा प्रश्न घेऊन मी पुढची पानं वाचत होतो.

‘लिटल डॉरिट’मध्ये एक भाड्याची वस्ती आहे, ब्लीडिंग हार्ट यार्ड. तिचा मालक कॅसबी. पांढरे लांब केस, शांत चेहरा, बघताच पाया पडावंसं वाटावं असा म्हातारा. लोकांना वाटतं हा देवमाणूस आहे, त्रास देतो तो त्याचा वसुलीवाला पँक्स. प्रत्यक्षात कॅसबीच पँक्सला मागून पिळत असतो, अजून काढ, अजून काढ. पँक्स धापा टाकत, नखं खात, वही घेऊन दारोदार फिरतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो.

हाच पँक्स कादंबरीतला सगळ्यात हुशार माहिती गोळा करणारा आहे. डॉरिटच्या वारशाचा शोध तोच लावतो. जुने कागद, नोंदी, नाती, तो एकेक धागा जुळवत जातो. आज असता तर रेफरन्सिंग कंपनीत डेटाचा प्रमुख झाला असता. मात्र डिकन्सने या हुशार माणसाकडून एक भयंकर चूक करवली आहे. मर्डल नावाचा एक बडा सावकार आहे, सगळं लंडन त्याच्या पायाशी. पँक्स आकडेमोड करतो, मर्डलच्या धंद्यात पैसे घालणं सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढतो, स्वतःचे पैसे घालतो आणि क्लेनमलाही पटवतो. मर्डल अस्सल लबाड निघतो. तो आत्महत्या करतो, हजारो लोक बुडतात, आणि क्लेनम मार्शलसीत जाऊन पडतो, ज्या खोलीत डॉरिट राहत होता त्याच खोलीत.

याच वस्तीत प्लॉर्निश नावाचा गिलावा करणारा गवंडी राहतो. गरीब, कामसू, काम मिळत नाही म्हणून हैराण. तोही पूर्वी थोडे दिवस मार्शलसीत राहून आलेला. आता या दोघांना माझा फॉर्म भरायला द्या. मर्डल सगळ्या रकान्यांत पास होईल. प्लॉर्निश पहिल्याच रकान्यात फेल. डिकन्सने कर्जाची नोंद आणि माणसाचा भरवसा या दोन गोष्टी इतक्या स्पष्टपणे वेगळ्या काढून दाखवल्या आहेत की पावणेदोनशे वर्षांनी कोणी त्या पुन्हा एका रकान्यात घातल्या याचं आश्चर्य वाटतं.

आश्चर्य वाटलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्या ‘कोणी’मध्ये मी आहे. माझी कंपनी छोट्या धंद्यांची खाती उघडण्यासाठी लागणाऱ्या तपासणीचं सॉफ्टवेअर बनवते. २०२२मध्ये त्यातला एक नियम मी लिहिला होता. मालकाच्या नावावर सीसीजेची संख्या शून्याहून जास्त असेल तर अर्ज नाकारायचा. तीन ओळी. येणाऱ्या माहितीत ‘फेडल्याची तारीख’ हा रकाना होता. आम्ही तो वाचत नव्हतो, कारण स्पेसिफिकेशनमध्ये तो नव्हता आणि मी विचारलं नाही. क्रॉयडनचा मेल आल्यावर मी तो जुना कोड उघडून बघितला. माझ्याच हातचा होता, टेस्टही पास होत्या. कॅसबी कोण ते सांगत बसत नाही, पण पँक्स कोण ते मला त्या रात्री कळलं.

कादंबरीतल्या ज्या जागेसाठी मी हा लेख लिहितोय ती पहिल्या भागाच्या शेवटी आहे. वारसा मिळालाय, डॉरिट सुटणार आहे, सगळीकडे आनंद. एमी क्लेनमला विचारते, बाबा बाहेर पडण्याआधी सगळी कर्जं फेडणार का? तो म्हणतो, हो, अर्थात. तेव्हा ती बिचकत म्हणते की तिला हे कठीण वाटतं. बाबांची इतकी वर्षं गेली, इतकं सोसलं, आणि शेवटी पैसेही सगळे द्यायचे. एकाच देण्यासाठी आयुष्य घेतलं आणि रक्कमही घेतली, असं तिचं म्हणणं आहे. बोलता बोलता तिलाच अपराधी वाटतं.

क्लेनमला हे ऐकून थोडा धक्का बसतो. निवेदक त्याच्या बाजूने उभा राहतो आणि आपल्याला सांगतो की तुरुंगाच्या हवेचा हा एवढा एकच डाग त्याला तिच्यावर दिसला. म्हणजे एमी इतकी निर्मळ, पण तुरुंगात वाढल्याने व्यवहाराची नीती तिला पुरती कळली नाही, असा सूर. अनेक वाचक हे पान एमीच्या भोळेपणाचा पुरावा म्हणून वाचत असतील. पहिल्यांदा वाचताना मीही पुढे सरकलो. दोन स्टेशनं गेल्यावर परत मागे आलो.

माझ्या मते इथे एमी बरोबर आहे आणि निवेदक चुकतोय. तुरुंगाचा उद्देश काय होता? पैसे वसूल करणं असेल, तर पैसे मिळाल्यावर ती वर्षं कशाबद्दल घेतली? शिक्षा हा उद्देश असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर देणं कशाबद्दल उरलं? व्यवस्था दोन्ही कारणं सांगते आणि दोन्ही बाजूंनी घेते. हे बोट नेमक्या जागी ठेवणारी कादंबरीत एकच व्यक्ती आहे, आणि ती लेखकाला तिचा डाग वाटते. मार्शलसीच्या अन्यायावर शेकडो पानं लिहिणारा डिकन्स या पानावर सावकाराच्या नीतीतून बोलतो. कदाचित बापाचं देणं फिटलं पाहिजे ही लाज बारा वर्षांच्या पोरात इतकी खोल गेली होती की पंचेचाळिशीच्या लेखकालाही ती ओलांडता आली नाही. हा माझा अंदाज आहे.

कर्जापायी तुरुंगात टाकण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६९च्या कायद्याने बहुतांशी बंद झाली. एमीचा प्रश्न मात्र बंद झाला नाही. मी २१४ पौंड दिले. आता सहा वर्षंही देतोय. पैसे फेडल्यावर उरलेली वर्षं ही कशाची किंमत आहे? मालकाला धोक्याची सूचना म्हणावी तर पाचव्या आठवड्यात फेडणारा आणि कधीच न फेडणारा यांची मुदत एकच का? सूचना असती तर ती या दोघांत फरक करून संपली असती. जी फरक न करता चालते तिला मी शिक्षा म्हणेन. मला दया नको आहे, माझी कहाणीही कोणी ऐकायला नको. देणं फिटल्यावर नोंदीला संपता आलं पाहिजे, एवढंच. किराणावाल्या काकांची आडवी रेघ. त्यासाठी मालकाला माझं आडनाव, माझा स्वभाव, माझं इलफर्ड काहीच कळायची गरज नाही.

नोंद संपली नाही की ती माणसात शिरते, हे डिकन्सला मात्र नेमकं कळलं होतं. श्रीमंत झालेला डॉरिट रोममध्ये एका बड्या मेजवानीत बसलेला असतो. अचानक त्याचं भान सुटतं आणि तो समोरच्या उच्चभ्रू पाहुण्यांचं मार्शलसीतले नवे कैदी समजून स्वागत करू लागतो. कादंबरीतला हा सगळ्यात चांगला प्रसंग आहे. मी अजून टपाल पेटीतून तपकिरी पाकीट निघालं की उघडायच्या आधी जिन्यात थांबतो.

शेवटाबद्दल मात्र तक्रार आहे. डॉरिट वारशाने सुटतो. क्लेनमला त्याचा भागीदार डॉइस सोडवतो, जो परदेशात यश मिळवून ऐन वेळी परततो. पँक्स भर वस्तीत कॅसबीचे ते पवित्र केस कात्रीने कापतो, लोक हसतात, आपणही हसतो, पण पुढच्या हप्त्याचं भाडं कोणाला द्यायचं ते बदलत नाही. क्लेनमच्या घराण्यातल्या मृत्युपत्राचं रहस्य तर इतकं गुंतागुंतीचं आहे की मी दोनदा वाचूनही ते नीट सांगू शकणार नाही. आठशे पानांत एकही माणूस साध्या रस्त्याने, म्हणजे काम करून, देणं फेडून, ‘झालं’ असं ऐकून बाहेर पडत नाही. प्रत्येकाला एक डॉइस लागतो.

मलाही लागला. इथल्या भाषेत त्याला गॅरंटर म्हणतात, आपण जामीन म्हणतो. साधारण हिशेब असा असतो की भाडेकरूचा वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवा आणि जामीनदाराचा छत्तीसपट. १,३५० पौंडांसाठी ४८,६०० पौंड पगार असणारा, इंग्लंडमध्ये राहणारा, स्वतः स्वच्छ नोंदींचा माणूस. माझ्या ओळखीत अशा एकच होत्या, मित्राची बायको. मी त्यांना वहिनी म्हणतो.

‘वहिनी, जामीन राहायचं म्हणजे मी भाडं थकवलं तर तुम्हाला भरावं लागेल. नीट विचार करा.’

‘तुझं कर्ज होतं तरी किती?’

‘दोनशे चौदा.’

‘हजार?’

‘नाही. नुसते दोनशे चौदा.’

त्या हसल्या. मग म्हणाल्या, ‘आम्ही आलो तेव्हा आमच्यासाठी कोणी राहिलं नव्हतं. सहा महिन्यांचं भाडं आधी भरलं होतं. बाबांनी एफडी मोडली. सही कुठे करायची ते सांग.’

वहिनींनी वापरलेला तो जुना मार्गही आता बंद होतोय. २०२५च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टनुसार १ मे २०२६पासून इंग्लंडमध्ये नव्या भाडेकरूकडून एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. ज्याच्याकडे रोकड आहे त्याने इतरांना मागे टाकू नये म्हणून हे चांगलं आहे. पण ज्याची नोंद वाईट किंवा कोरी आहे त्याच्याकडे आता मुख्यतः जामीनदारच उरतो, आणि नव्याने आलेल्या माणसाकडे सगळ्यात कमी काय असेल तर तशी ओळख.

क्रॉयडनचा फ्लॅट गेला. डिपॉझिट पाच आठवड्यांनी परत मिळालं. पुढच्या घराच्या वेळी मी फॉर्म भरायच्या आधीच एजंटला फोन करून सगळं सांगितलं: रक्कम, तारीख, फेडल्याचा पुरावा, आधीच्या घरमालकाचं पत्र, जामीनदार तयार आहे. पहिल्या तिघांनी नाही म्हटलं, पण कोणाचे पैसे अडकले नाहीत. चौथ्याने हो म्हटलं. तुमच्यापैकी कोणी इथे नवीन असाल तर अजून दोन कामं करून ठेवा. पत्ता बदलला की प्रत्येक जुन्या बिलवाल्याला कळवा. आणि मतदार यादीत नाव घाला. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथे मत देऊ शकतात, आणि यादीत नाव असलं की तुमचा पत्ता तुमचाच आहे हे या कंपन्यांना पटतं. मी तीन वर्षं ते केलं नव्हतं.

एक शेवटची गोष्ट वाङ्मयाची आहे. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टमुळे तुम्हाला तुमच्या क्रेडिट फाइलला स्वतःचं स्पष्टीकरण जोडता येतं. फुकट. मर्यादा २०० शब्द. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिघांकडे वेगवेगळं पाठवायचं. सगळ्या फाइलमध्ये एवढीच एक जागा आहे जिथे ‘मी’ हा शब्द येऊ शकतो. माझा पहिला मसुदा फार वाईट होता. त्यात मी कष्टाळू होतो, इंजिनियर होतो, आईबाबांना पैसे पाठवत होतो. थोडक्यात, मी विल्यम डॉरिटसारखा बोलत होतो, ज्याला तुरुंगातही आपण सभ्य गृहस्थ आहोत हे सगळ्यांना पटवायचं असतं. तो खोडला. दुसऱ्यात कंपनीवर राग होता. तोही खोडला. शेवटी पाठवला तो सत्तेचाळीस शब्दांचा: पत्ता बदलला, कागद मिळाले नाहीत, अमुक तारखेला कळलं, त्याच दिवशी पूर्ण रक्कम भरली. चार क्रियापदं. रिपोर्टमध्ये नसलेली.

आणि ऑफिसमध्ये एक टिकिट उघडलं. फेडल्याची तारीख असेल तर ती वाचावी, आणि फेडलेल्या लहान रकमांवर अर्ज आपोआप नाकारू नये. प्रॉडक्ट मॅनेजरने विचारलं, ग्राहकाने मागितलंय का? मी म्हटलं, नाही, पण आमच्या नियमाने नाकारलेल्यांत किती जणांनी देणं आधीच फेडलेलं होतं ते तरी मोजूया. टिकिट अजून बॅकलॉगमध्ये आहे. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये मी ते वर काढतो.